जुन्या मोटारी आणि त्यांना सांभाळणारी माणसे

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी प्रथा आहे. तो इतिहास आपल्या स्मरणग्रंथात सविस्तर येणारच आहे. म्हणून आज मी, इतिहासाची एक शिक्षिका या नात्याने, जरा निराळा विषय निवडला आहे. तो म्हणजे अमेरिकेतील जुन्या मोटारगाड्या आणि त्यांच्या मालकांचा त्यांच्यावरचा जिव्हाळा. विषय ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटलेले मला दिसते आहे. परंतु साठ वर्षांच्या जुन्या गोष्टीवर माणसे प्रेम कसे करतात आणि त्या प्रेमाने ती गोष्ट खरोखर टिकते का, हे पाहायचे असेल, तर याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

इंदूरकरांना हा विषय अगदीच परका नाही. महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन मोटार बनवून घेतली होती. तिचा सांगाडा आणि इंजिन इंडियानापोलिसचे, तर वरचे सुबक अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचे. नारिंगी आणि काळ्या रंगाची ती गाडी आजही जगातील देखण्या मोटारींत गणली जाते. सामान्य माणसाच्या ओळखीची अमेरिकन गाडी मात्र मुंबईमार्गे आली. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून शेव्हरोले गाड्यांची जुळणी केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या. १९५४च्या सुमारास शासनाच्या धोरणामुळे परदेशी कंपन्यांची नुसती जुळणी थांबली. आपल्या आजोबांच्या बोलण्यात डॉज गाडी आणि फर्गो ट्रक येतो, तो त्या काळातून.

परंतु राजेरजवाड्यांच्या गाड्या हा आजचा विषय नव्हे. ज्यांनी गाडी घेताना चार ठिकाणी हिशेब मांडला, ती पुसली, दुरुस्त केली, तिला नाव ठेवले आणि विकताना डोळे पुसले, त्या माणसांविषयी मला बोलायचे आहे.

त्यांची कथा १९०८ साली सुरू होते. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी मॉडेल टी ही गाडी बाजारात आणली. आरंभी तिची किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली. एक सांगाडा जोडायला जिथे बारा तासांहून अधिक लागत, तिथे तो दीड तासात होऊ लागला. १९२०च्या दशकाच्या मध्याला किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली, आणि १९२७ मध्ये उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. शेतकरी, शिक्षक, टपालवाला यांच्या दारात प्रथमच मोटार उभी राहिली.

या गाडीवर लोकांचे प्रेम का जडले असावे? ती गुणी होती म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. ती हट्टीही होती. पुढे उभे राहून हँडल मारल्याशिवाय आरंभीच्या काळात ती सुरू होत नसे, आणि हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. किती पेट्रोल उरले हे पाहण्यासाठी सर्वांना खाली उतरवून, गादी उचलून, टाकीत काठी बुडवावी लागे. पेट्रोल इंजिनाकडे केवळ उतारामुळे वाहत असल्याने मोठ्या चढावर ते पोचतच नसे. मग मालक गाडी वळवून घेई आणि उलट्या गियरमध्ये, पाठमोरा, डोंगर चढून जाई. हीच गाडी शेतावर आणून, तिचे मागचे चाक उचलून, त्याला पट्टा लावून लाकूड कापणे आणि पाणी उपसणे अशी कामे केली जात. मालकाला गाडीची प्रत्येक खोड ठाऊक असे. घरच्या एखाद्या तऱ्हेवाईक काकांना सांभाळून घ्यावे, तसे तिला सांभाळून घेतले जाई. ई. बी. व्हाइट या लेखकाने १९३६ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात या गाडीला निरोप देणारा लेख लिहिला. तो आजही वाचला जातो, कारण त्यात एका सबंध पिढीने आपले तारुण्य ओळखले.

जिव्हाळा असा श्रमांतून निर्माण होतो. ज्या वस्तूसाठी आपण हात काळे केले, ती आपली होते.

पुढे मंदी आली, दुष्काळ आला. ओक्लाहोमाची शेते धुळीने भरली, तेव्हा हजारो कुटुंबे जुन्या गाड्यांवर गाद्या, भांडी आणि म्हाताऱ्यांना लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीतील कुटुंब एका जुन्या हडसन गाडीचा मागचा भाग कापून तिचा ट्रक करते. घर गेल्यावर ती गाडी हेच त्यांचे घर होते. नंतर महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन बंद करण्यात आले आणि युद्ध संपेपर्यंत नवी गाडी मिळणे जवळजवळ अशक्य झाले. ज्याच्याकडे जुनी गाडी होती त्याने ती जपून, टायरला ठिगळे लावून चालवली.

युद्धानंतरच्या पंधरा वर्षांतील गाड्या हा आजच्या अमेरिकन वृद्धांच्या स्मृतींचा सर्वांत मोठा ठेवा आहे. १९४८च्या कॅडिलॅकला मागे दोन लहान पंख आले. हार्ली अर्ल या जनरल मोटर्सच्या प्रमुख रचनाकाराच्या चमूला ती कल्पना लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचली होती. पंख दरवर्षी वाढत गेले आणि १९५९ मध्ये त्यांनी कळस गाठला. क्रोमचा लखलखाट, दोन रंगांचा पत्रा आणि पुढे तिघांना सहज मावेल अशी सलग, सोफ्यासारखी बैठक अशी ती गाडी असे. आई, वडील आणि मध्ये धाकटे मूल, हे चित्र कित्येकांच्या मनात कायमचे बसले आहे. गियरचा दांडा स्टिअरिंगला. दिव्याचा प्रकाश खाली करायचा तर डाव्या पायाने जमिनीवरची कळ दाबायची. रेडिओ लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहायची आणि मग दुरून कुठून तरी आल्यासारखे गाणे ऐकू यायचे. १९५७च्या शेव्हरोलेत पेट्रोल भरण्याचे झाकण डाव्या पंखावरच्या क्रोमच्या पट्टीमागे लपवलेले होते. नवखा पंपवाला ते शोधत गाडीभोवती फिरे आणि मालक आत बसून गालात हसत असे. गाडी विकून पन्नास वर्षे झाली तरी अशा बारीकसारीक गोष्टी माणसे विसरत नाहीत. आपल्या शाळेच्या घंटेचा आवाज आणि प्रयोगशाळेचा वास तुम्हाला जसा आठवतो, तसेच हे.

मात्र आठवण सर्वांची सारखी नसते, हे इतिहासाच्या शिक्षिकेने सांगितलेच पाहिजे. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकाला बसमध्ये मागे बसावे लागे, रेल्वेत वेगळ्या डब्यात. त्याच्या दृष्टीने स्वतःची मोटार ही चैन नव्हती, अपमान टाळण्याचे ते साधन होते. पण रस्त्यावरही प्रत्येक उपाहारगृह त्याला वाढेलच, प्रत्येक पंप त्याला स्वच्छतागृह वापरू देईलच, असे नव्हते. म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावी कोणत्या दारी कृष्णवर्णीय प्रवाशाला मुक्काम मिळेल, याची ती यादी होती. सुमारे तीस वर्षे ती निघत राहिली. अशा कुटुंबांच्या जुन्या गाडीच्या आठवणीत डिकीतले घरचे जेवण, पांघरुणे आणि पाण्याची भांडी हटकून असतात.

१९५५च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात बसवर बहिष्कार पडला. रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतरचा तो लढा ३८१ दिवस चालला. या काळात हजारो माणसांना कामावर नेण्या-आणण्याचे काम सुमारे तीनशे खासगी गाड्यांनी केले. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, पोलिसांनी क्षुल्लक कारणांवरून दंड केले, तरी मालकांनी गाड्या काढायचे थांबवले नाही. गाडीचा अभिमान म्हणजे काय, हे मला त्या तीनशे मालकांकडून अधिक कळते. त्यांनी आपली गाडी दुसऱ्यांसाठी दारातून बाहेर काढली होती.

प्रेमाला आणखी एक कसोटी असते. आपल्या आवडत्या वस्तूचे दोष आपण पाहू शकतो का? त्या देखण्या गाड्यांत सुरक्षा पट्टे नव्हते. स्टिअरिंगचा दांडा ताठ, एकसंध असे आणि समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीत घुसे. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये पुस्तक लिहून कारखानदारांना याचा जाब विचारला. त्यानंतर कायदा झाला आणि १९६८ पासूनच्या नव्या गाड्यांत पट्टे सक्तीचे झाले. आज जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच ठेवा, स्क्रूसुद्धा बदलू नका. दुसरा पंथ बाहेरचे रूप जपतो, पण आत नवे डिस्क ब्रेक आणि सुरक्षा पट्टे बसवतो, कारण त्याला त्या गाडीत नातवंडांना बसवून फिरायचे असते. दोघांच्याही प्रेमाविषयी मला शंका नाही. पण नातवंडे दुसऱ्याच्या गाडीत बसतात, एवढे मात्र खरे.

आता मी दोन ठिकाणांची गोष्ट सांगते.

पहिले ठिकाण क्यूबा. १९५९च्या क्रांतीपूर्वी हवानाच्या रस्त्यांवर अमेरिकन गाड्यांची रेलचेल होती. क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापारबंदी केली. नव्या गाड्या बंद झाल्या, सुटे भागही बंद झाले. आपल्याकडच्या एखाद्या मिस्त्रीला विचारा, सुटे भाग न मिळता एखादी गाडी किती वर्षे चालेल? क्यूबात त्या साठ वर्षांहून अधिक काळ चालल्या आहेत. शेव्हरोलेच्या पोटात रशियन व्होल्गाचे इंजिन, जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जागी कुठले तरी डिझेल इंजिन, हाताने घडवलेले भाग, ठोकून सरळ केलेला पत्रा. कित्येक वर्षे तेथील कायद्याने क्रांतीपूर्वीच्या गाड्याच मुक्तपणे विकता-घेता येत असत. ही अट २०११ मध्ये सैल झाली. तोवर आजोबांची गाडी वडिलांकडे आणि वडिलांची मुलाकडे येत राहिली. यांपैकी पुष्कळ गाड्या सामायिक टॅक्सी म्हणून धावतात. मोठ्या बदामासारख्या आकारावरून लोक त्यांना ‘आल्मेंद्रोन’ म्हणतात. अमेरिकेतील एखादा जाणकार त्यांच्याकडे पाहून नाक मुरडेल, कारण त्यांत मूळचे फारसे काही उरलेले नाही. पण रोज सकाळी त्या गाड्या माणसांना कामावर पोचवतात आणि मालकाचे घर चालवतात.

दुसरे ठिकाण अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचे टल्सा शहर. राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेथील नागरिकांनी १५ जून १९५७ रोजी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी न्यायालयाच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या तळघरात पुरली. सोनेरी आणि पांढरी, पंखांची. पन्नास वर्षांनी ती बाहेर काढायची होती. २००७ मध्ये पेट्रोल मिळेल की नाही, या शंकेने सोबत पेट्रोलही ठेवले होते. २००७ मध्ये शहराची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज करणाऱ्याला ती गाडी बक्षीस मिळणार होती. शहराने तिच्यावर प्रेम केले, पन्नास वर्षे तिची वाट पाहिली. जून २००७ मध्ये हजारो लोकांसमोर तिच्यावरचे आच्छादन काढले, तेव्हा दिसला तो गंजाचा ढीग. तळघरात पाणी शिरले होते. इंजिन सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता. सर्वांत जवळचा अंदाज करणारा गृहस्थ केव्हाच निवर्तला होता आणि गाडी त्याच्या वृद्ध बहिणींच्या वाट्याला आली. शेजारी पुरलेल्या, झाळून बंद केलेल्या पोलादी नळकांड्यातले कागद मात्र सुस्थितीत निघाले.

त्याच १९५७ सालच्या प्लिमथ गाड्या इतर मालकांनी वापरल्या, झिजवल्या, दुरुस्त केल्या. त्यांपैकी काही आजही रस्त्यावर आहेत.

मित्रहो, मी हे सारे का सांगते आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल. हीरक महोत्सव समितीकडे शाळेच्या प्रांगणात कालकुपी पुरावी अशी सूचना आली आहे. माझा तिला विरोध नाही. जरूर पुरू या, पोलादी नळकांडे नीट झाळून, कोरड्या जागी. आपला स्मरणग्रंथ तिच्यात ठेवू. कागद टिकतील. पण साठ वर्षांनी तो ग्रंथ बाहेर काढणाऱ्यांपैकी कुणाला तो वाचता येईल का, हा खरा प्रश्न आहे. पुढील जूनमध्ये मराठी माध्यमाचा पहिलीचा वर्ग उघडावा की नाही, हा विषय कार्यकारिणीपुढे आहे. ही गोष्ट आजच्या आनंदाच्या दिवशी तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही.

पालकांची काळजी खरी आहे. मूल मध्य प्रदेशात वाढणार, त्याला हिंदी हवी. महाविद्यालयात आणि नोकरीत इंग्रजी हवी. ‘मराठी शाळेने आमचे कसे भले झाले’ असे माजी विद्यार्थी भाषणात सांगतात आणि स्वतःची मुले दुसरीकडे घालतात, असे एका पालकाने मला स्पष्ट सुनावले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी त्याचा राग धरत नाही. ज्या गाडीला सुरक्षा पट्टे नाहीत तिच्यात मुलाला बसवा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून आम्ही शिक्षकांनी कार्यकारिणीला एक योजना दिली आहे. पाया मराठीचाच राहील, कारण घरच्या भाषेत शिकलेले मूल लवकर विचार करू लागते, हा आमचा वर्गातला रोजचा अनुभव आहे. परंतु इंग्रजी पहिलीपासून, बोलण्यावर भर देऊन, त्यासाठीच नेमलेल्या शिक्षकाकडून शिकवली जाईल. गणित आणि विज्ञानाच्या संज्ञा पाचवीपासून मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिल्या जातील. ‘मग ही आमची शाळा राहिली नाही’ असे काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना वाटते. त्यांच्या भावनेचा मी आदर करते. त्यांना मी हवानाची ती शेव्हरोले आठवायला सांगेन.

तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत, आणि ती देणगीची नाहीत. पहिली, ज्यांच्या घरी तीन ते पाच वर्षांचे मूल आहे, त्यांनी प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी एक सबंध दिवस आमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसावे. निर्णय त्यानंतर तुमचाच. दुसरी, जे इंदुरात आहेत त्यांनी महिन्यातून एक तास शाळेला द्यावा. डॉक्टरांनी रक्ताभिसरण शिकवावे, वकिलांनी ग्राहकाचे हक्क सांगावेत, ज्यांचे गॅरेज आहे त्यांनी मुलांना इंजिन उघडून दाखवावे. हे सारे मराठीत. तिसरी, जे दूर आहेत त्यांनी ग्रंथालयातील एका मुलाशी पत्रव्यवहार करावा. मुलांना मराठीत उत्तर देणारे कुणी तरी शाळेबाहेर हवे आहे.

या तिन्हींसाठी नावे नोंदवण्याची वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. कार्यकारिणीची बैठक पुढील महिन्यात आहे. त्या बैठकीला जाताना मी ती वही बरोबर नेणार आहे.